मूठभर बी आणि गावभर बोभाटा

ऐकलं का? खालच्या आळीतल्या वैनींनी यंदा रोपवाटिकेचं तोंडसुद्धा बघितलं नाही. कुंडी नाही, कोकोपीट नाही, काळ्या पिशवीतलं रोप नाही. वळवाचे दोन पाऊस पडले, तशा एका सकाळी पदर खोचून परड्यात उतरल्या, डब्यातलं बी ओंजळीत घेतलं आणि दिलं विसकटून! वर आळीनं विचारलं तर म्हणतात कशा, “मी काय केलो न्हाई बाई, नुसतं टाकलो. उगवायचं असंल ते उगवंल.”

नुसतं टाकलो! हे ऐकल्यापासून गावात बऱ्याच जणींची झोप उडाली आहे. कारण गेल्या काही वर्षांत राधानगरीत बाग म्हणजे प्रतिष्ठेचं काम होऊन बसलं होतं. कुणाच्या दारात किती कुंड्या, त्यातल्या चिनी मातीच्या किती, कुणाचा गुलाब कोल्हापुरातनं आला आणि कुणाचा थेट पुण्याहून, यावर घराची पायरी ठरायची. गुलाबाला अंड्याची टरफलं, जास्वंदीला ताक, शेवंतीला पेंडीचं पाणी. घरातल्या माणसाला अर्धा कप चहा, पण अडेनियमला टॉनिक वेळच्या वेळी. आणि एवढं करून पाऊस लागला की जुलै सरेपर्यंत निम्म्या कुंड्यांत पाणी साचून मुळं कुजलेली. दरसाल हे होतं, दरसाल त्याचं सुतक पाळलं जातं आणि दसऱ्याला पुन्हा नवी रोपं येतात.

त्यात ही बाई येते, ओंजळ रिकामी करते आणि गणपतीच्या सुमाराला तिच्या कुंपणावर गणेशवेलीची लालभडक फुलं, दाराशी तेरडा, बांधाला झेंडू, संडासाच्या वाटेवर गुलबक्षी. सगळं फुकट! शोभतं का हे?

एकीनं केलं असतं तर वेडी म्हणून सोडून देता आलं असतं. पण साथ पसरली. शाळेतल्या बाईंनी टाकलं, दूध संस्थेतल्या अण्णांनी टाकलं, ज्यांच्या अंगणात गवताची काडी खपत नव्हती त्या मामींनीही टाकलं. भिशीत आता पैशांचा हिशोब कमी आणि बियांच्या पुड्या जास्त. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं वाण म्हणून वर्तमानपत्राच्या पुडीत सदाफुलीचं बी दिलं. घरी जाऊन बायकांनी पुडी उलटीपालटी करून झटकून बघितली, आत आणखी काही असेल म्हणून. लग्नाच्या हॉलबाहेरच्या बागेत वाळकी बोंडं खुडणाऱ्या बायका तर मी स्वतः बघितल्या आहेत. अंगावर पैठणी, गळ्यात कोल्हापुरी साज आणि रुमालाच्या गाठीत झेंडूचं बी. स्टेजवर अक्षता पडताहेत आणि इकडं कुजबुज चाललेली, “जांभळा तेरडा डबल पाकळीचा हाय काय गं?”

या सगळ्यात कुणी दचकलं नसेल तर गावातली म्हातारी माणसं. ती कट्ट्यावर बसून मिशीत हसतात. हसतील नाही तर काय? राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी हा सगळा पट्टा मेच्या अखेरीस दुसरं काय करतो? रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे धूळवाफ पेरणी. रानात ओल नाही, ढेकळं फोडून फोडून मातीची धूळ केलेली आणि त्या धुळीत भाताचं बी. पावसाच्या नावानं टाकून मोकळं व्हायचं. कुणी कुरीनं पेरतो, कुणी टोकणतो, कुणी सरळ विसकटतो. ज्याला रोपलावण करायची त्यालाही आधी तरवा टाकावाच लागतो. तालुक्याच्या तालुका कोरड्या मातीत बी टाकून आभाळाकडं बघत बसणारा, आणि तिथल्या लेकीसुनांना झेंडू टाकला याचं अप्रूप!

बरं, घटस्थापनेला घराघरांत काय होतं? पत्रावळीवर चाळलेली माती, तिच्यावर मूठभर धान्य, वरनं पाण्याचा शिपका. नऊ दिवसांत पिवळसर कोंब वर येतात आणि दसऱ्याला ते टोपीत खोवून माणसं सोनं वाटायला बाहेर पडतात. त्या घटाला कुणी कोकोपीट घातल्याचं ऐकिवात नाही.

असो. नावं ठेवायची तर पुराव्यानिशी ठेवावीत, म्हणून कुणी काय टाकलं ते सांगते.

झेंडू सगळ्यांनीच टाकला, कारण त्याला पैसे पडत नाहीत. दसऱ्याचं तोरण दारावर वाळून कडकडीत झालं की ते काढायचं, फूल चुरगाळायचं. बुडाशी जी काळी बारीक काडी असते आणि जिच्या शेंड्याला फिकट शेपूट असतं, ते बी. भिजलेल्या, कुजट फुलात काही नसतं. मातीवर टाकायचं, वरनं हात फिरवायचा, आठवड्याभरात कोंब दिसतो आणि दोनेक महिन्यांत फूल. तोरणातला हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा बरं का! पोर्तुगीजांच्या काळात इकडं आला असं मानतात. आता त्याला देव्हाऱ्यातनं कोण बाहेर काढणार? पण बाजारातल्या मोठ्या गोंड्याच्या संकरित झेंडूचं बी धरलंत तर घरात गोंधळ ठरलेला. आई केशरी टपोरी, पोरं कुणी पिवळी, कुणी बारकी, कुणी एकेरी पाकळीची. ज्यांना फुलांतही खानदान लागतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

खानदानाचा विषय निघालाच आहे तर गुलबक्षीचं ऐका. काळं, खरबरीत, मिऱ्याएवढं बी. मातीत बोटानं दाबलं की काम झालं. नंतर खाली कंद धरतं आणि दरवर्षी स्वतःहून वर येतं. दुपारभर डोळे मिटून बसणार आणि चार वाजल्यानंतर नटूनथटून उभी राहणार. त्या वेळी आळीतनं कोण जातं-येतं हे तिला जेवढं ठाऊक तेवढं आम्हालाही नाही. या बयेच्या घरातली भानगड थेट जर्मनीपर्यंत गेली होती. कार्ल कोरेन्स नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1900 साली मेंडेलचे विसरलेले नियम ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांतले एक. त्यांनी तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीचं लग्न लावलं तर पोरं निघाली गुलाबी! ना आईवर, ना बापावर. पुढं 1909 साली त्यांनी पानांवर पांढरे पट्टे असलेली गुलबक्षी घेतली आणि दाखवून दिलं की पानाच्या रंगात बापाचं काही चालत नाही, पोरं निव्वळ आईच्या वळणावर जातात. हे मी आमच्या जाऊबाईंना सांगितलं, त्यांनी त्याच संध्याकाळी दाजींना ऐकवलं. त्या घरातलं वातावरण अजून निवळलेलं नाही. एक मात्र खरंच सांगते, ते काळं बी मिरीच्या डब्याजवळ ठेवू नका. गुलबक्षीचं बी विषारी असतं.

सदाफुली तर टाकावीही लागत नाही. फरशीच्या फटीत एक रोप आलं की पुढच्या साली फटीफटीत तीच. ही मादागास्करची पाहुणी. हिच्या पानांतनं कर्करोगावरची औषधं निघाली, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या चुरगाळून टाकल्या तर तुळशीवृंदावनाच्या खाली तुळशींचा बाजार भरतो आणि मग कुणाला उपटायचं हा धर्मसंकटाचा प्रश्न.

गोकर्णाचा प्रकार वेगळा. बी कठीण, रात्रभर भिजत घातल्याशिवाय लवकर दाद देत नाही. पण आरोप वेगळाच आहे. निळी फुलं वाळवून त्यांचा चहा करतात! निळा चहा! आणि त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो! तांबडा-पांढरा रस्सा पिऊन वाढलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात पाहुण्यापुढं निळा चहा ठेवायचा? परवा एका घरी मुलगी बघायला आलेल्यांना हाच दिला. मुलाच्या मामांनी कपात बघितलं, नवऱ्या मुलीकडं बघितलं, पुन्हा कपात बघितलं. लग्न ठरलं म्हणे, पण बैठकीत मामांनी आधी साध्या चहाची अट घातली.

धन्याचं प्रकरण मात्र चूल वेगळी होण्यापर्यंत गेलं होतं. धन्याचा एक दाणा म्हणजे आत दोन बियांची जोडी. आख्खा टाकला तर उगवायला आढेवेढे घेतो. रगडून दोन दळं केली की मुकाट उगवतो. शेतकरी हे वर्षानुवर्षं करत आलेत. गोणपाटावर धने पसरायचे आणि वरनं चपलेनं हलक्या हातानं रगडायचे. शहरातनं आलेल्या एका सुनेनं हे मोबाईलवर बघितलं. गणपती गेल्यावर उघडीप पडली तशी सोप्यात वर्तमानपत्र पसरलं, डब्यातले धने ओतले, ओसरीवरची सासऱ्यांची चप्पल उचलली आणि गुडघे टेकून बसली. कर्र, कर्र, कर्र. दाणे फुटताहेत, दळं इकडं-तिकडं उडताहेत, सोप्यात धन्याचा वास दरवळलाय, आणि माजघराच्या दारात सासूबाई! अन्न! त्याच्यावर चप्पल! तीही पुरुषाची! अर्धी आळी दारात गोळा झाली. सासरे बाहेर आले ते वेगळीच तक्रार घेऊन. चप्पल कापशीची होती, तेल पाजून ठेवलेली, तिच्या तळाला धन्याचा भुसा लागला म्हणून. ज्या कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्यासारखी चप्पल 2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये पोरांच्या पायांत घालून फिरवली म्हणून देशभर गदारोळ झाला, तिनं राधानगरीत धने रगडावेत! सव्वा महिन्यानं कोथिंबीर काढायला आली. सासूबाईंनी जुडी नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “वास हाय बरा.” चपलेचा विषय तेव्हापासून कुणी काढत नाही, पण धने रगडायला आता लाटणं ठेवलेलं आहे.

यापेक्षा भयंकर गोष्ट थोडक्यात टळली. एका हौशी ताईंनी कुठल्याशा परदेशी बागेचा व्हिडिओ बघितला. तांबडी, कागदासारखी फुलं वाऱ्यावर डोलताहेत, खाली लिहिलेलं, पॉपी, बी नुसतं फेका. पॉपी म्हणजे काय, तर खसखस! खसखस तर डब्यात आहे! ताई डबा घेऊन परड्यात निघाल्या होत्या. नशीब, वाटेत त्यांचे दीर भेटले. मसाल्यातली खसखस ही अफूच्याच झाडाचं बी. खायला मोकळीक आहे, पण सरकारी परवान्याशिवाय लावणं हा 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा, आणि तो परवाना मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतल्या शेतकऱ्यांना मिळतो. राधानगरीतल्या ताईंना नव्हे. बागेतली शोभेची पॉपी वेगळी असते. ताईंनी त्या दिवशी त्या खसखशीची खीर केली आणि आळीला वाटली. पुरावा नष्ट.

ऑनलाईन पुडक्यांचं तर विचारूच नका. पाकिटावर निळा गुलाब, इंद्रधनुष्यी गुलाब, शंभर प्रकारची फुलं एकाच पाकिटात. टाकल्यावर उगवतं काय? मोहरी, राजगिरा आणि एक कुठलंसं गवत. सप्तरंगी गुलाबाच्या भाजीला लसणाची फोडणी छान बसली, असं त्या घरातनं कळतं. 2020 साली तर न मागवता परदेशातनं बियांची पाकिटं जगभर लोकांच्या दारात येऊन पडत होती आणि आपल्याही केंद्रीय कृषी मंत्रालयानं सावध राहायला सांगितलं होतं.

हे खूळ आपल्याकडंच आहे असं समजून उगीच जीवाला लावून घेऊ नका. इंग्लंडात एलन विल्मॉट नावाच्या मोठ्या घरच्या बाई होऊन गेल्या, 1858 चा जन्म, बागेपायी सगळी इस्टेट उधळलेली. त्या म्हणे दुसऱ्याची बाग बघायला जाताना खिशात एका काटेरी, रुपेरी फुलझाडाचं बी घेऊन जायच्या आणि यजमानीणबाईंची पाठ वळली की हळूच वाफ्यात सोडायच्या. पाहुण्या गेल्या, वर्षभरानं झाड उभं! आजही त्या झाडाला तिकडं ‘मिस विल्मॉटचं भूत’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये 1973 च्या सुमाराला लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या टोळक्यानं ओसाड पडलेल्या, कुंपण घातलेल्या जागांत बियांचे गोळे भिरकावले. स्वतःला ‘ग्रीन गरिला’ म्हणवायचे. आणि जपानचे मासानोबू फुकुओका तर या पंथाचे गुरू. नांगरट नाही, मातीच्या गोळीत बी घालायचं आणि शेतात सोडून द्यायचं. गावानं वेडा ठरवावा असं सगळं करून माणूस 1988 ला मॅगसेसे पुरस्कार घेऊन मोकळा झाला. आपल्या कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी ‘नांगरणीशिवाय शेती’ असं पुस्तकच लिहिलंय, म्हणजे घरातही फितूर आहेतच.

पण जपानला काय, इंग्लंडला काय, राधानगरीचा पाऊस ठाऊक नाही. आमच्याकडं जुलैत पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. वरच्या आळीतल्या मामींनी सगळ्यांचं बघून ऐन आषाढात, उतारावरच्या वाफ्यात, झिनियाची मोठी पुडी रिकामी केली. त्याच आठवड्यात लक्ष्मी तलाव भरला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित. पाणी चढलं की ते कुणाला न विचारता उघडतात. एका दरवाजातनं 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि इकडं चार उघडले की तिकडं अख्खं कोल्हापूर मोबाईल हातात घेऊन पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी मोजत बसतं. मामींचं बी भोगावतीतनं प्रयाग चिखलीला, तिथनं पंचगंगेतनं नृसिंहवाडीला कृष्णेत. दत्ताच्या पायाशी झिनिया उगवली असेल तर ती आमच्या मामींची आहे, हे शिरोळकरांनी ध्यानात ठेवावं.

वैनींना यातली खोच बरोबर ठाऊक. गोकर्ण, तेरडा, गणेशवेल, झेंडू ही मंडळी वळीव झाल्यावर, मृगाच्या आगेमागे टाकायची; मोठा पाऊस लागेपर्यंत मुळं धरतात. झिनिया, कोथिंबीर, मेथी, पोकळा हे भाद्रपदात उघडीप पडल्यावर. पोकळ्याचं, तुळशीचं बी धुळीसारखं बारीक, तसंच टाकलं तर एका जागी गर्दी आणि दुसरीकडं ठणठणाट. म्हणून मूठभर बारीक वाळूत किंवा चुलीच्या राखेत कालवून टाकायचं. बारक्या बियांवर ढीगभर माती लोटायची नाही, नुसतं तळहातानं थापटायचं. मोठं बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल. मुंग्या पळवतात, कोंबड्या उकरतात, मोर तर सरळ परड्यात उतरून हजेरी घेतो. म्हणून चार जास्त टाकायचं. आणि उगवल्यावर दाट झालेलं निर्दयपणे उपटायचं. ‘नुसतं टाकलो’ म्हणणाऱ्या वैनी विरळणी करताना काय तोंड करतात ते बघायला या कधी.

इथवर सगळी गंमत. आता ज्यावर खरंच बोभाटा व्हायला पाहिजे आणि होत नाही, ते सांगते.

मेच्या अखेरीपासून काजवे बघायला राधानगरीत गाड्यांची रांग लागते. चहाच्या गाड्यावर असेच एक पाहुणे मोठ्या उत्साहानं सांगत होते, गाडीच्या डिकीत कॉसमॉसच्या बियांची पाकिटं आणली आहेत, वर सड्यावर टाकून जाणार, पुढच्या वर्षी सगळं पठार पिवळंकेशरी, फोटो काय येतील! ऐकून माझ्या हातातला कप तसाच राहिला. कॉसमॉस हीसुद्धा मेक्सिकोकडचीच. दिसायला नाजूक, टाकायला सगळ्यांत सोपी, कसल्याही मुरमाड जागेत येणारी. दारात लावा, हौस भागवा, वाळायच्या आत बोंडं काढा. पण मोकळ्या रानात ती शिरली की सुईसारखं बी जनावरांच्या अंगाला, माणसांच्या कपड्याला चिकटून पुढं पुढं जातं. पुण्याच्या टेकड्यांवर, रस्त्याकडेला ती कशी मातली आहे यावर वनस्पतींचे जाणकार गेली काही वर्षं डोकं आपटून घेताहेत. आणि लोक तिच्याचपुढं उभे राहून फोटो काढताहेत.

आमच्या सावराईच्या सड्यावर, इदरगंजच्या पठारावर कातळावर बोटभर माती. त्या बोटभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं येतात, गेंद येतो, कवला येतो, उताराला सोनकी पिवळी होते. त्यांना कुणी टाकलेलं नाही, तरी त्यांचा सगळा कारभार बी टाकण्याचाच. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावा, ते फटकन फुटून बी उडवतं. या परिसराला 2012 साली कास, कोयना, चांदोलीबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला तो असल्याच गोष्टींसाठी. तिथं पुडी फोडायला हात उचलतो तरी कसा?

आणि आपण शिकलेलो नाही असंही नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकात साहेबाच्या बागेत शोभेची म्हणूनच आली होती. आता ती कुठल्या बांधावर नाही ते सांगा. गाजर गवत 1955 च्या सुमाराला पुण्यात दिसलं, त्यानं अख्खा देश खाल्ला. रानमोडीनं आमच्या जंगलाच्या कडा गिळल्या. तिच्याखाली गवत टिकत नाही, आणि गव्याला गवत मिळालं नाही की तो उसात येतो. मग आपण फटाके घेऊन त्याच्यामागं पळतो. दाजीपूरला गव्यांसाठी 1958 पासून अभयारण्य आहे, तिथल्या जनावरानं कॉसमॉस खायची काय? परड्यात काय हवं ते टाका, वाटलं तर सप्तरंगी मोहरी टाका. सड्यावर चढताना खिसे झटकून चढा. त्या पाहुण्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी पाकिटं मला देऊन टाकली. आता घरात कॉसमॉसची चौदा पाकिटं पडली आहेत आणि आळीत बातमी पसरली आहे की मी पर्यटकांकडून बी उकळते.

गौरीचं काय करायचं हा आणखी एक वाद. आमच्याकडं गौर म्हणजे तेरड्याचेच डहाळे. पाण्यावरनं वाजतगाजत आणायचे, मागोमाग शंकरोबा. पूर्वी पोरी रानात जाऊन तेरडा आणायच्या. आता बाजारात जुडी विकत मिळते. वैनींच्या दारात तेरड्याचा ताटवाच उभा, त्यामुळं यंदा निम्म्या आळीची गौर त्यांच्या परड्यातनं गेली. त्यावर एका आजींचा आक्षेप असा, की दारातली गौर घरात आणायची तर माहेरवाशीण कसली? वैनींनी तोडगा काढला. डहाळे खुडून आधी नदीवर न्यायचे, मग वाजत परत आणायचे. आजींना पटलं, बँडवाल्याला त्याहून पटलं.

सगळ्यांत ताजी बातमी मात्र वेगळी आहे. एका घरानं गेल्या साली अंगणभर पेव्हिंग ब्लॉक घातले. माती दिसता कामा नये म्हणून. यंदा पावसाळ्यात ब्लॉकच्या सांध्यासांध्यातनं गुलबक्षी वर आली, तीही सरळ रांगेत, मोजून मापून लावल्यासारखी. आपोआप रांगेत कशी येईल? शेजारच्या सासूबाईंनी रात्री दिवे गेल्यावर बी टोकलं, असा त्यांचा दावा. सासूबाई म्हणतात, मुंग्यांनी नेलं असंल. प्रकरण तंटामुक्त समितीपुढं गेलं. अध्यक्ष स्वतः पाहणीला आले, सायंकाळी साडेचारला, म्हणजे नेमकी फुलं उमलायच्या वेळेला. बराच वेळ उभे राहिले. मग खाली वाकून म्हणाले, “ह्यात पांढरी न्हाई काय कुठं?” निकाल पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. सासूबाईंच्या कनवटीला पांढऱ्या गुलबक्षीची पुडी बघितलेली बाई साक्ष द्यायला तयार आहे, पण तिला त्यातलं निम्मं बी हवं आहे.